नुरुद्दीनला बाहेर बोलावलं तेव्हा

वेंगुर्ल्याच्या बंदरात ट्रॉलरचं इंजिन अडलं की लोक नुरुद्दीनच्या दारात येत. त्याचे हात पाहून सावंतवाडीच्या सत्यवान ठेकेदाराने त्याला अणुवीज केंद्रावर नेलं. इंधन बदलायला अणुभट्टी बंद ठेवतात, तेव्हाच तिथले पंप आणि व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करून घेतात. तेवढ्यापुरते बाहेरचे फिटर लागतात. एकदा गेलेला नुरुद्दीन मग दर शटडाऊनला जाऊ लागला.

बायको वजीरा मात्र किरणोत्साराला धास्तावलेली असे. तो घरी आला की आधी न्हाणीत पाठवी आणि त्याचे कपडे वेगळे भिजवी. केंद्रातले कपडे केंद्रातच राहतात, फाटकाबाहेर पडताना अंगही यंत्राने तपासतात, हे त्याने हजारदा सांगितलं. ती मान हलवी आणि कपडे वेगळेच भिजवी. त्याला ते लागायचं.

गेल्या शटडाऊनला त्याच्या वाट्याला अडचणीच्या जागेतला एक व्हॉल्व्ह आला. आत जाण्याआधी बाहेर सरावासाठी ठेवलेल्या तसल्याच खोट्या व्हॉल्व्हवर त्याने हात बसवून घेतला, कारण आत जितका वेळ कमी, तितका किरणोत्सार कमी. प्रत्येकाच्या छातीवर तो मोजणारा मीटर असतो. ठरलेली मर्यादा आली की तो वाजतो.

गळती रोखणारं जुनं पॅकिंग चिकटून बसलं होतं. ते काढण्यातच वेळ गेला. नवं बसवून नुरुद्दीन बोल्ट आवळू लागला आणि मीटर वाजला. भिंतीपलीकडून किरणोत्सारावर लक्ष ठेवणाऱ्या पूजा मॅडमचा आवाज कानात आला, "नुरुद्दीनभाई, बाहेर या."

"मॅडम, दोनच बोल्ट राहिलेत."

"राहू देत. शंकर आवळेल. तुम्ही या."

तो आला. दुसरा फिटर शंकर आत गेला आणि काम पुरं करून परतला. मर्यादा भरल्यामुळे नुरुद्दीनला उरलेले दिवस बाहेर, खोट्या व्हॉल्व्हवर नव्या लोकांना शिकवायला बसवलं. उघडलेलं इंजिन त्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हाती सोडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने वजीराला सगळं सांगितलं. पूजा मॅडमवरचा राग आवाजात होताच.

वजीराने विचारलं, "काम अर्ध्यार आसताना तिणां तुमका भायर काढल्यान?"

"होय. दोन बोल्टांसाठी."

वजीराचा भाऊ रमीझ वादळात बुडाला होता. आभाळ भरलेलं सगळ्या बंदराने पाहिलं होतं, पण जाळी पाण्यात होती म्हणून होडी माघारी आली नाही.

"रमीझाक त्या दिवशी कोणी हाक मारल्यान नाय," ती म्हणाली. "त्या पोरीन बरां केल्यान."

दुसऱ्या दिवशी नुरुद्दीनला आपला सदरा इतर कपड्यांतच भिजत घातलेला दिसला.

पुढच्या शटडाऊनला केंद्राने त्याला शिकवायच्याच कामासाठी बोलावलं. तो कुरकुरला, पण गेला. वजीराने पिशवीत सुके बांगडे भरून दिले. केंद्राजवळच्या खोलीतल्या सोबत्यांनी आधी नाकं मुरडली, मग ताटं पुढे केली.