समोरच्या दुकानातलं कपाट

जपूनमामांनी जन्मभर दुसऱ्यांचं सामान उचललं. घर बदलणाऱ्यांची कपाटं, पलंग, शिलाई यंत्रं, एकदा तर पियानो, तोही अशा घरात जिथे तो कुणाला वाजवताच येत नव्हता. उचलताना ते सारखं "जपून, जपून" म्हणायचे. सोबतच्या माणसाला नव्हे, सामानाला. त्यावरून नाव पडलं. खरं नाव ओळखपत्रावर आहे आणि तिथेच राहिलंय.

मामांचा एकच नियम होता. उचललं तर मजुरी, नाही उचललं तर नाही. एका बाईंनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातावर ठेवले, तेव्हा मामांनी त्यांची शेगडी पुन्हा खाली नेली आणि पुन्हा वर आणून ठेवली. बाई नको नको म्हणत मागे धावत होत्या. मामा घाम पुसत म्हणाले, आता फिटलं. नियमाची दुसरी बाजूही तेवढीच पक्की होती. स्वतःचं सामान वाहायला त्यांनी कधी कुणाला दमडी दिली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत जे काही होतं, ते त्यांच्याच पाठीवरून आलं होतं. याचा त्यांना भारी तोरा होता.

मामा केस कापायला गेले होते, तेवढ्यात मामींनी घरातलं जुनं कपाट भंगारवाल्याला देऊन टाकलं. कपाटाचा एक पाय केव्हाच गेला होता, त्याखाली विटेचा तुकडा होता, आणि दार लावायला गुडघा लागायचा. कित्येक वर्षं मामी नवं कपाट मागत होत्या आणि कित्येक वर्षं मामा विटेचा तुकडा बदलत होते. मामा परत आले तर भिंतीवर कपाटाच्या मापाचा पांढरा चौकोन, आणि सगळे कपडे पलंगावर डोंगर करून ठेवलेले. डोंगर मामांच्या बाजूला.

"कपाट येईपर्यंत कपडे इथंच राहतील," मामी म्हणाल्या.

"आणि मी?"

"तुम्हाला इस्त्री लागत नाही. स्वयंपाकघरात मावाल."

मामा मावले, पण जेमतेम. डोकं सिलिंडरला आणि पाय पिठाच्या डब्याला. जी पाठ पियानोला भ्याली नव्हती, ती फरशीपुढे हरली. सकाळी उठले ते कोयत्यासारखे वाकून. तसेच वाकून चहा प्यायले आणि तसेच जिना उतरले.

फर्निचरचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. काचेवर कपाटाचं चित्र, त्याखाली घागरीएवढ्या आकड्यात किंमत. इतकी कमी की मामांनी दोनदा वाचली. आत टाय लावलेला विक्रेता होता. त्याने मामांना काचेजवळ नेऊन आकड्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पासून'.

पासून म्हणजे काय, मामांनी विचारलं. ही किंमत सांगाड्याची, टायवाला म्हणाला. आतल्या फळ्या वेगळ्या, दारं वेगळी.

"दारं नसलेलं कपाट कोण घेतं?"

"दारं ऐच्छिक आहेत, काका."

मामांनी दारं घेतली. फळ्याही घेतल्या. मूठ ऐच्छिक आहे का, हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं, तर ती खरंच होती. तीही घेतली. सगळं मिळून चित्राखालच्या किमतीचं आणि बिलाचं दूरचंही नातं राहिलं नाही. तरी मामांनी ते मान्य केलं, कारण पाठ अजून वाकलेलीच होती. मग टायवाल्याने बिलावर आणखी एक ओळ चढवली. घरपोच शुल्क.

हे काढ, मामा म्हणाले. काचेतून त्यांनी आपली गॅलरी दाखवली. तिथे वाळत घातलेली बनियन माझी, आणि तिच्या शेजारी हात कमरेवर ठेवून उभी आहे ती माझी बायको. एवढ्या अंतराला कसलं शुल्क? टायवाल्याने नम्रपणे सांगितलं की दुकानातलं कपाट दाखवायचं असतं, विकायचं गावाबाहेरच्या गोदामातून येतं. मामा म्हणाले, गोदामातून मी आणतो. टायवाला म्हणाला, खुशाल आणा. पण शुल्क बिलातून निघत नाही, कॉम्प्युटर घेत नाही.

मामांनी बिल पुन्हा वरून खाली वाचलं. मग एकेक शब्द ठेवत म्हणाले, "म्हणजे उचलणार मी. आणि उचलायचे पैसे घेणार तुम्ही."

"बरोबर," टायवाला म्हणाला. त्याला बरं वाटलं. गिऱ्हाइकाला शेवटी समजलं.

मामा तडक बाहेर पडले. दिवसभर त्यांनी बाकीची दुकानं पालथी घातली. एकाकडे घरपोच फुकट होतं, पण कपाट तेवढ्यानेच महाग. दुसऱ्याकडेही फुकटच, फक्त सोबत चपलांचा स्टँडही घ्यायला हवा होता. घरी येऊन त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सतरंजी सिलिंडरकडे सरकवली.

दुसऱ्या सकाळी मामांना मान वळवता येईना. समोरच्या दुकानात टायवाल्याकडे बघायलाही सगळं अंग फिरवावं लागलं. त्यांनी शुल्कासकट पैसे मोजले. आयुष्यात पहिल्यांदा. प्रत्येक नोट ते अशी धरून ठेवत होते, की टायवाल्याने त्यांना पाणी दिलं. ते ऐच्छिक नव्हतं.

पण पैसे दिले म्हटल्यावर मामांनी मनाशी एक खूणगाठ बांधली. आता या कपाटाला आपलं एक बोटही लागणार नाही. उचलायचे पैसे दिलेत, तर पूर्ण उचलून घेऊ.

त्याच संध्याकाळी टेम्पो आला. टेम्पोतून मिशाळ ड्रायव्हर उतरला, आणि त्याच्या मागून एक लंबू. मामा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, नाटकाला बसावं तसे. दोघांनी कपाट फाटकाच्या आत टेकवलं आणि मिशाळाने पावती पुढे केली. सही करा.

वर न्यायचंय, मामा म्हणाले. मिशाळ म्हणाला, जिना बिलात नाही. जिन्याचे वेगळे.

वर गॅलरीत मामी, शेजारीण आणि शेजारणीची सासू अशा तिघी ओळीने उभ्या होत्या. मामांनी खुर्ची सोडली नाही. जिन्याचे देणार नाही, सही करणार नाही, उचलणारही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मिशाळ वाईट माणूस नव्हता. सहीशिवाय माल सोडला तर आम्हाला ओरडा बसतो, त्याने समजावलं. सही नाही तर कपाट परत गोदामात. पुन्हा मागवलंत तर पुन्हा घरपोच शुल्क.

"न्या," मामा म्हणाले. वरून मामींनी सतरंजी झटकायला घेतली, जोरात.

दोघे कपाट परत टेम्पोत चढवायला लागले. इथे सगळं बिनसलं. लंबूने कपाट मुठीला धरून उचललं. मुठीला. तेही कमरेतून वाकून, पाय जुळवून, तोंड भलतीकडे करून. मिशाळाची बाजू आधीच वर गेली होती आणि खालचा कोपरा टेम्पोच्या लोखंडी कडेवर आदळायच्या बेतात होता. मामांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. हात शिवशिवायला लागले. "जपून!" एवढंच तोंडातून निघालं, आणि पुढच्या क्षणी ते कपाटाखाली होते.

कपाट हलकं होतं. भुसा दाबून केलेल्या फळ्या. मामांना त्याचा अपमानच वाटला. पण पाठीवर ओझं आलं, आणि जन्मभराची सवय लागलेले पाय आपोआप जिन्याकडे वळले. टेम्पो मागे राहिला. पहिलं वळण मामांनी खांदा तिरपा करून काढलं, दुसरं कोपर भिंतीला टेकवून. भिंतीला ओरखडा नाही, कठड्याला धक्का नाही. शेजारणीची सासू वा म्हणाली. पाठीतून कट्ट असा आवाज आला, आणि कोण जाणे कशी, मान मोकळी झाली.

दुसऱ्या मजल्याच्या तोंडाशी मामांच्या लक्षात आलं, की पैसे देऊन आपण आपलंच कपाट वाहतोय.

ते थांबले. वळायला लागले.

"खाली नेलंत," मामी दारातून म्हणाल्या, "तर त्याच्यासोबत तुम्हीही गोदामात जा."

मामांनी कपाट आत नेलं, पांढऱ्या चौकोनावर अचूक बसवलं, आणि रिकाम्या हातांनी खाली आले. दोघे पावती धरून उभे होते. मामांनी सही करायला नकार दिला. पैसे त्यांचे, मेहनतही त्यांची, हे काही फिटलं नाही. मिशाळाने खिसे उलटे करून दाखवले. पैसे दुकानाकडे, तो म्हणाला, आमच्या हाती काही नाही.

"पैसे नकोत," मामा म्हणाले. "काम द्या. काहीतरी वर न्या."

"काय नेऊ? टेम्पो रिकामा आहे."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खुर्चीत जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवले.

मिशाळाने लंबूकडे पाहिलं, लंबूने आकाशाकडे. दिवस कलला होता, सही हवी होती. दोघांनी खुर्ची धरली. कमरेतून नको, गुडघ्यातून, मामा बसल्या जागेवरून सांगत होते. मुठीला धरायची सवय सोड. वळणावर आतला माणूस थांबतो, बाहेरचा फिरतो. कपाटापेक्षा काका जड आहेत, लंबू धापा टाकत कुरकुरला. मामा म्हणाले, कपाटात भुसा आहे. दुसऱ्या वळणावर मात्र लंबूने पाय रोवले, खांदा तिरपा केला आणि खुर्ची लोण्यातून फिरावी तशी फिरली. मामांनी नुसती मान डोलावली. पण मनातून खूश झाले.

वर मामींनी पावती हातात घेतली. माल चांगल्या स्थितीत मिळाला, असं तिच्यावर छापलं होतं. मामींनी चष्मा लावला आणि मामांना डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं. मागची बाजूही बघितली.

"थोडा वापरलेला आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली. "तिथे आत, खिडकीजवळ ठेवा."

"आत न्यायचे वेगळे पडतात, मामी," लंबू म्हणाला.

मामा इतके हसले की खुर्ची डुगडुगली आणि दोघांनी ती घाईघाईने उंबऱ्याबाहेर टेकवली. मग मामा उठले आणि आपल्या पायांनी आत गेले. मामींनी कपडे कपाटात लावायला घेतले होते. सुरुवात त्यांनी पलंगाच्या मामांच्या बाजूपासून केली होती.