लटारूजींचं न मोडणारं विमान

लटारूजी सुतार कुणाच्याही घरी गेले की आधी दारावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकत, कान लावत आणि घरमालकाने "या" म्हणायच्या आत दाराचं आयुष्य सांगून टाकत. "दोन पावसाळे. तिसऱ्याची आशा नोको ठेवजो." एकदा वर्ध्याच्या एका कचेरीत त्यांनी साहेबाच्या खुर्चीला बुधवारपर्यंतची मुदत दिली. खुर्ची मंगळवारीच साहेबासकट खाली आली. आम्ही आंजी गावची मंडळी हसून लोळत होतो आणि लटारूजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, "एक दिवस चुकला ना बाप्पा."

आता ते नाहीत, त्यामुळे मी त्यांच्याबद्दल बिनधास्त खरं लिहू शकतो. आर्वीपासून कारंज्यापर्यंत त्यांच्या हातच्या बैलबंड्या धावत. एक बंडी पुरात वाहून गेली, ती चार गावं पाहून आठव्या दिवशी परत आली. परत कशी आली ते विचारू नका, पण चाक ढिलं झालं नव्हतं. "बंडी मोडली का मानूस रस्त्यात राह्यते," ते म्हणत. "ऊन लागते, तहान लागते. पन तो पानी नाई मांगत. पयले सुताराले शिव्या देते."

पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मुंबईची एक सिनेमा कंपनी आमच्या माळरानावर लढाई करायला आली. मॅट्रिकला दोनदा आपटून मी घरी बसलो होतो. हिंदी बरी येत होती, म्हणून मी स्वतःच स्वतःला कंपनीचा मॅनेजर नेमलं. कंपनीने ट्रकवर घालून एक खरं विमान आणलं होतं. मोठ्या लढाईतून निवृत्त झालेलं, इंजिन नसलेलं, भंगारातून उचललेलं. त्यात बसून हिरोने उसासे टाकायचे. पाडायला आणि जाळायला मात्र तसंच एक लाकडी विमान बनवायचं होतं. कंपनीचा सुतार पहिल्याच दिवशी आमच्याकडचा ठेचा खाऊन आडवा झाला, म्हणून मी लटारूजींना घेऊन गेलो.

त्यांनी खऱ्या विमानावर तीनदा ठोकलं. पत्र्याचा आवाज आला. "याच्यात जीव नाई. याचे भांडे होतीन." झालंही तसंच. सिनेमानंतर ते विमान पुन्हा भंगारात गेलं आणि त्याची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली झाली. त्यातलंच एक आमच्या घरी आलं असणार. वरणाला उकळी आली की ते घरघरायचं आणि उडू नये म्हणून आई झाकणावर वरवंटा ठेवायची.

लटारूजींनी चाकं जोडायला धावड्याच्या चिवट लाकडाचा आख, बाभळीची चाकं आणि सागाच्या फळ्या घालून विमान उभं केलं. ते इतकं हुबेहूब झालं की दोन घारी त्याच्याशी भांडायला उतरल्या. चित्रीकरणाच्या दिवशी बारा जणांनी ते टेकाडावरून ढकललं. खालच्या धोंड्यावर आपटून त्याने मोडायचं होतं. ते आपटलं आणि धोंड्याचे दोन तुकडे झाले. मग दोन डबे रॉकेल ओतून पेटवलं. रॉकेल जळून गेलं, विमान जरा सावळं झालं, एवढंच.

डायरेक्टरने टोपी जमिनीवर आपटली. "अरे भाई, यह टूटता क्यों नहीं?"

लटारूजींना ती शाबासकी वाटली. त्यांनी हात जोडले. "तुटन कसं साहेब? धावड्याचा आख हाय. तुमचे नातू बसतीन याच्यात."

"मुझे टूटनेवाला चाहिए!"

लटारूजी माझ्या कानाशी आले. "बाबू, साहेबाले ऊन लागलं का?"

मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते मटकन खाली बसले. "म्हंजे माह्यं काम मोडताना सारा मुलूख पाह्यन? म्हनतीन, लटारूच्या बंड्याबी अशाच. मंग मले बंडी कराले कोन सांगन?" साहेबाने सरळ हिशोब मांडला : मोडणारं दुसरं विमान चार दिवसांत द्या, नाहीतर याचाच आख करवतीने अर्धा कापा. करवतीचं नाव निघताच लटारूजी दुसरं विमान बनवायला लागले.

पण ते काही जमेना. सकाळी सांधा मुद्दाम सैल ठेवायचे आणि संध्याकाळी तो घट्ट झालेला असायचा. त्यांची बायको सखूबाई पाळतीवर बसली. "पुन्हा पाचर ठोकली ना तुमी?"

"म्या नाई वो. हातानं ठोकली. मले मागून समजलं."

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात हजर. "बाबू, तुले रंधा मारता येते?"

"नाही, काकाजी."

"खिळा?"

"वाकडा जातो."

"वा! मंग तूच बनव."

मी बांबू, तरट आणि सुतळी घेऊन विमान बनवलं. एका बकरीने पाठ घासली तर पंख गळाला. लटारूजी तपासायला आले. त्यांनी एकदाच ठोकलं आणि शेपूट खाली पडलं. "लय घान झालं," ते खूश होऊन म्हणाले. "जमलं!" ते विमान टेकाडावरून निघालं, धोंडा यायच्या आधीच मोडलं आणि काडी लावायच्या आधीच पेटलं. डायरेक्टरने माझ्या कपाळाचा मुका घेतला.

लटारूजींचं पहिलं, न मोडलेलं विमान ट्रकला पेलेना, म्हणून कंपनी ते लटारूजींनाच देऊन गेली. गल्लीतून जावं म्हणून त्यांनी पंख कापून आखूड केले आणि पुढे जू बसवलं. मग आमच्या भागातले नवरदेव घोड्यावर बसेनासे झाले. एका वरातीत बैल बिथरले, तेव्हा नाला ओलांडताना विमान चांगलं हातभर अधांतरी गेलं. नवरदेवाची आई साक्षीला आहे, फक्त तिने डोळे मिटले होते.

वर्षाभराने तो सिनेमा आर्वीच्या टॉकीजला लागला. दुपारच्या खेळाला आम्ही विमानातच गेलो. पडद्यावर माझं विमान मोडलं तशी सगळी टॉकीज हळहळली. मागून कारंज्याचा एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "हे आंजीच्या लटारूनं केलतं म्हन्तेत. बरं झालं दिसलं. म्या त्याले बंडी सांगनार होतो."

लटारूजी ताडकन उठले. त्यांच्या पागोट्याची सावली थेट हिरॉइनच्या तोंडावर पडली. "ओ भाऊ! ते माह्यं नोहे! ते यानं केलं!" आणि त्यांनी माझी कॉलर धरून मला उभं केलं. विमानाचा कारागीर म्हणून मी आर्वीत महिनाभर मिरवत होतो. आता सगळी टॉकीज माझ्याकडे किडक्या फळीकडे पाहावं तशी पाहू लागली. "माह्यं बाहीर उभं हाय. चाला, मोडून दाखवा!"

सगळी टॉकीज बाहेर आली. आत हिरॉइन रिकाम्या बाकांसमोर रडत राहिली. सत्तावीस माणसं विमानावर चढली. कारंज्याच्या शेतकऱ्याने पंखावर तीनदा उड्या मारल्या. कुठे कुरकूरसुद्धा नाही. तो खाली उतरला आणि पागोटं सारखं करत म्हणाला, "काकाजी, माही बंडी केव्हा होईन?"

"पोळ्याच्या आंधी नाई," लटारूजी म्हणाले. 

आम्ही आत वळलो तोवर खेळ संपला होता. परतीच्या वाटेवर मी कुरकुरलो, "काकाजी, शेवट राहिला ना. लढाई कोण जिंकलं तेच कळलं नाही."

"त्याच्यात काय कयाचं?" बैलांना हाकत ते म्हणाले. "एक पडलं. एक घरी चाललं."