आईचं वालेन्सियन

मुंबईच्या विमानतळावर ट्रॉली ढकलत मी घाईत म्हणाले, "चल आई, जाते." सांगलीहून सोडायला आलेली आई तेवढ्यातही रागावली. "जाते काय म्हणतीस? येते म्हण." मी "येते" म्हटलं आणि आत गेले. तुमच्यापैकी जे असे निघाले, त्यांनाही कुणीतरी असंच दटावलं असेल.

आता मी आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून मुरले आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणते, पाय दुखत असले तरी "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणते. बाबा गेल्यावर आईला मोठ्या मिनतवारीनं सहा महिन्यांसाठी आणलं, तर पंधरवड्यातच तिनं सांगून टाकलं, "बोलायला माणूस न्हाई इथं. परत धाड मला."

तिला थांबवलं आंपारोबाईंनी. शेजारची नर्स स्पेनमधल्या वालेन्सियाजवळच्या खेड्यातली, तिच्या या आई. त्याही लेकीकडे आलेल्या, त्यांचंही इंग्रजीच्या नावानं पूज्य. त्यांच्या भाषेला कुणी स्पॅनिश म्हटलं की कपाळाला आठ्या. आमची वालेन्सियन वेगळी! कुंपणाशी दोघींची शाळा भरायची. सकाळी 'बोन दिया', आभाराला 'ग्रासिएस', दुपारी 'आस दिनात?' म्हणजे जेवलीस का. बदल्यात आंपारोबाई "बस की जरा" अगदी सांगलीच्या हेलात म्हणायला लागल्या.

निरोपाचं 'अदेऊ' मात्र आईनं जिभेवर येऊ दिलं नाही. 'देवाच्या हवाली' असा अर्थ कळल्यावर म्हणाली, "ह्यात परत यायचं कुठं आलं?" मग नर्सनं दुसरं सुचवलं, 'फिन्स देमा'. उद्यापर्यंत. ते तिला पटलं.

सहा महिने पुरे करूनच आई निघाली. गाडीत बसण्याआधी आंपारोबाईंचे हात धरून म्हणाली, "फिन्स देमा." उद्या ती सांगलीत असणार, हे दोघींना ठाऊक होतं. आंपारोबाईंनीही तेच म्हटलं आणि मला रडू आवरेना.

आता आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. आणि माझं ते 'येते' सुट्टीपुरतंच खरं होतं, हे आम्हा मायलेकींनाही कळून चुकलंय. गाव कुठलं असं विचारलं तर मी सांगलीच सांगते. पण घर म्हणाल तर ते ड्युटीनंतरच्या रोजच्या फोनमध्ये आहे. गुडघे, मेथीची जुडी, शेजारणीच्या सुनेच्या तक्रारी. फोन ठेवताना "येते म्हण" असं आई हल्ली बजावत नाही. "फिन्स देमा," म्हणते. तेवढं मला रोज खरं करता येतं.