रविवारची फक्की

बुधवारी कडूबानं म्हशीचं दूध गाईच्या गिऱ्हाइकाला घातलं आन् गाईचं म्हशीच्याला. सोळा वर्षं तो फुलंब्रीहून फटफटीला दोन कॅन लटकावून शहरातल्या छावणीत येतोय, पण असं कधी झालं नव्हतं. एका बाईनं तर तोंडावर विचारलं, घरी काही बरंवाईट तर नाय ना? नाय म्हणला आन् निघाला. घरी सगळं ठीकच होतं. बिघडलं होतं ते मैदानावर.

छावणीत गुलजार नावाचा फुटबॉल क्लब हाये. क्लब कसला, एक पत्र्याची खोली, दोन गोलपोस्ट आन् ठिगळं लावलेल्या जाळ्या. पण त्याच्यावर जीव टाकणारी माणसं लई. कडूबा त्यांच्यातलाच. दूध वाटून झालं की रिकामे कॅन घेऊन मैदानाच्या कडंला उभा राहायचा. बारा वर्षांमागं एकदा त्यानं मैदानावरची पांढरी रेघ बघितली आन् मोठ्यांदा हसला. आमच्या रानात असली वाकडी सरी कुणी पाडली तर बाप हाणंल, म्हणला. क्लबचे मास्तर दत्तोपंत शेजारीच उभे होते. त्यांनी रेघा मारायच्या चुन्याचं, म्हणजे फक्कीचं, घमेलं उचललं आन् याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी कडूबा घरून कापूस लावायची दोरी घेऊन आला. सरकी सारख्या अंतरावर पडावी म्हणून तिला मापानं गाठी मारलेल्या असत्यात. त्या सोडून त्यानं मैदानाच्या मापाच्या गाठी मारल्या. मधल्या गोलासाठी खुंटी ठोकली, दोरी ताणली आन् खळ्यात बैल फिरतो तसा वाकून फिरला. गोल असा आला की त्याच्यावर पाय द्यायला पोरं कचरायला लागली. तवापासून गुलजारच्या मैदानावर फक्की मारावी ती कडूबानंच. पगार नाय, मानपान नाय. पण मॅचच्या आधी रेघेवरून कुणी चाललं तर हा दिवसभर त्याच्याशी बोलत नसं.

आन् मागच्या आठवड्यातल्या सोमवारी क्लबचे अध्यक्ष साहेबराव यांनी दत्तोपंतांना काढलं. बावीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या माणसाला फोनवर निरोप. त्यांच्या जागी पुण्याहून शिकून आलेला हिमांशू आणला. पोरगं वाईट नव्हतं. पण हातात टॅब घेऊन फिरायचं आन् खेळाडूंना 'तुम्ही' म्हणायचं. पंत एका दमात आईमाईवरून चार शिव्या द्यायचे आन् दुसऱ्या दमाला स्वतःच्या खिशातली गोड गोळी पोराच्या तोंडात घालायचे. त्या सवयीच्या माणसांना हे 'तुम्ही' झोंबायला लागलं.

या मंगळवारी रिक्षावाल्या सोमनाथनं चहाच्या टपरीवर चाळीस माणसं जमवली. एक म्हणला साहेबरावच्या फोटोला काळं फासू, दुसरा म्हणला गोलपोस्टच उपटून नेऊ. सोमनाथ डोक्यानं तेज. त्यानं सांगितलं, काही तोडायचं नाय, फोडायचं नाय. रविवारी कन्नड तालुक्याच्या संघाबरोबर शेवटची मॅच हाये. बरोबरी झाली तरी गुलजार वरच्या गटात राहतो. फक्त कडूबानं फक्की मारायची नाय. रेघा नसल्या की पंच मॅच लावत नसतो, ज्याचं मैदान त्याची हार धरतो. क्लब खाली गेला की साहेबरावची नाचक्की, आन् पंतांना हात जोडून परत आणतील. आपण तोवर तोंड शिवून बसायचं.

सगळे कडूबाकडं बघायला लागले. तो 'बरं' म्हणला.

म्हणला खरा, पण तिथून पुढं त्याला चैन पडंना. गोठ्यात जावं तर कशाला आलो तेच आठवंना, कडब्याची पेंढी हातात धरून नुसता उभा. त्याची बायको चतुराबाई म्हणली, "पंतांसाठी जीव तुटतोय का क्लबसाठी, ते येकदा ठरवा. तोवर म्हशीला वैरण तरी घाला."

तेच तर ठरत नव्हतं. फक्की मारली तर पंतांशी दगा. नाय मारली तर आपल्याच हातानं गुलजार मातीत. शेवटी शुक्रवारी तो पंतांच्या घरी गेला. मनात त्याच्या पक्कं होतं, पंत म्हणतील, येड्या, मास्तर येतात-जातात, क्लब राहतो. पोरांना ते कायम हेच सांगायचे.

पंत गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. त्यांच्या बायकोनं, उमाकाकूंनी चहा आणून ठेवला. कडूबानं सोमनाथचा बेत सांगितला. पंतांनी पेपराची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"मारू नकोस," ते म्हणले.

"पंत, खाली जाईल की क्लब."

"जाऊ दे. कळू दे त्यांना, मी नसलो की काय होतं ते."

"आन् पोरं?"

"पोरं आली का मला विचारायला? तू एकटा आलास."

कडूबा चहा संपवून उठला. पंतांचं दुखणं खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी जिना उतरताना त्याला वाटलं, आपण चुकीच्या घरी येऊन गेलो.

रविवारी मॅच चारला. जायचंच नाय असं ठरवून तो तीनलाच मैदानावर पोचला. दोरी फटफटीच्या डिकीत तशीच होती. मैदान कोरं. कडंला सोमनाथ आन् मंडळी तोंड शिवून बसलेली. कन्नडचा संघ टेम्पोतून उतरला. हिमांशूनं चार जणांना विचारलं, रेघा कोण मारतं? कुणी सांगंना. मग त्यानं स्वतःच घमेलं उचललं. दोन खेळाडूंना टेप धरायला लावली आन् सुरुवात केली. वारा समोरून. फक्की निम्मी खाली, निम्मी त्याच्या भुवयांवर. चालता बैल मुततो तशी रेघ पडत गेली. मंडळी तोंडावर हात धरून हसली. कडूबाला हसू येईना.

पंच आले, रेघेकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. अर्धा तास देतो म्हणले, नाहीतर मॅच कन्नडची.

हिमांशूनं मंडळीकडं एकदा बघितलं. रागावला नाय, विनवलंही नाय. वाकून पुन्हा कोपऱ्यापासून लागला, आन् पुन्हा वाऱ्याकडं तोंड करून.

कडूबा उठला. सोमनाथनं त्याचा शर्ट धरला. त्यानं शर्ट सोडवून घेतला, डिकीतली दोरी काढली आन् हिमांशूच्या हातातलं घमेलं घेतलं. "सर, व्हा बाजूला. वारा पाठीवर घ्यायचा असतो."

वाकडी रेघ त्यानं पायानं पुसली, दोरी ताणली. मागं शिवलेली तोंडं उसवली. फितूर, म्हणलं कुणी. साहेबरावनं म्हैस घेऊन दिली का रे, असंही एक आलं. हा मान वर करंना. गोलपुढचा मोठा डबा झाला, मधला गोल झाला, पलीकडचा डबा झाला. शेवटी मंडळीपुढची बाजूची रेघ राहिली. ती मारत आला तर दोरीवरच सोमनाथ चप्पल रोवून उभा.

"पाय काढ."

"पंतांना काय तोंड दाखवशील?"

"त्यांना इचारून आलोय."

"काय म्हणले?"

"नको म्हणले."

"मग?"

"मग काय. पाय काढ."

सोमनाथ हलंना. कडूबानं मूठ भरली आन् त्याच्या चपलेवरून, बोटांवरून सरळ रेघ ओढत पुढं गेला. सोमनाथ पाय झटकत मागं सरला. कडूबा दोन पावलं परत आला, तेवढी जागा भरून काढली.

मॅच सुरू झाली. आपल्या बाजूला जायची सोय राहिली नव्हती, म्हणून हा पलीकडं कन्नडच्या लोकांत जाऊन उभा राहिला. निम्मा खेळ संपला तरी गोल नाय. गुलजारची मंडळी मुकी ती मुकीच. मग कन्नडचा एक पोरगा मंडळीपुढच्या बाजूच्या रेघेनं सुसाट निघाला, चेंडू जरा सुटला, त्यानं ओढून आत घेतला, पास दिला आन् गोल झाला. कडंच्या पंचानं झेंडा वर केलाच नव्हता.

तशी चाळीस माणसं एकदम उठली. सगळ्यांत पुढं सोमनाथ. खाली वाकून बोट दाखवत होता.

"ही रेघ दिसती का नाय तुला? आख्खा चेंडू भाईर होता."

पंच पळत आले. रेघ जशीच्या तशी होती, आन् तिच्या भाईरच्या मातीत चेंडूचा माग. गोल रद्द झाला. सोमनाथ खाली बसला. बसताना त्यानं मैदानापलीकडं कडूबाकडं बघितलं आन् बाजूला पचकन थुंकला.

बरोबरी टिकवायला अजून वीस मिनिटं बाकी होती. कडूबाला एका जागी थांबवंना. कन्नडच्या लोकांमागून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागला. एका म्हाताऱ्यानं वैतागून विचारलं, बाबा, तू नेमका कुणाचा? कडूबानं ऐकलं, पण तोवर चेंडू गुलजारच्या गोलकडं निघाला होता.