वासुकीबाईंनी केलेला वकील

लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा वासुकीबाईंचा धंदा नवऱ्यामागेही बरा चालला होता. पुढे कार्यालयवाल्यांनी स्वतःचीच भांडी घेतली. बाईंनी नव्या पातेल्यांसाठी कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं काढलं, आणि मग सावकाराची माणसं येऊन ओट्यावर बसू लागली. शिव्या देत नसत. नुसती बसत आणि प्यायला पाणी मागत. पाणी द्यावंच लागे.

दिवाळखोरीचा अर्ज करायचं बाईंच्या मनाने घेतलं, पण वकील कोण करायचा? तंजावुरात राजवाड्याच्या गल्ल्यांत आपले मराठी वकील होते, पण त्यांच्या घरच्या मुंजींना बाईंचीच पातेली गेलेली. त्यांना सांगणं म्हणजे संध्याकाळच्या आत सगळ्या सोयऱ्यांना सांगणं. शेवटी त्या कापडवाल्या प्रवीणकुमारकडे गेल्या. त्याने मागे स्वतःच पिवळी नोटीस दिली होती. दिवाळं काढण्याला तंजावुरात असंच म्हणतात.

"पापनाशमचे सुब्रमण्यम सार," तो म्हणाला. "गोड बोलत नाहीत, प्रश्न फार विचारतात. पण मला सोडवलं."

गाव परकं, माणूस तमिळ. बाईंना दोन्ही पसंत पडलं.

लेक कीर्तना बरोबर गेली. कपाळाला विभूती लावलेले सुब्रमण्यम तमिळमधून विचारत होते आणि लिहून घेत होते. घर कुणाच्या नावावर, भांडी किती उरली, कर्जाला जामीन कोण. मग म्हणाले, "एवढ्यात कुणाला काही दिलंत? जमीन, दागिना?"

आईकडून आलेलं सोन्याचं ओड्याण, म्हणजे कमरपट्टा, बाईंनी कीर्तनाच्या लग्नासाठी जपलं होतं. गेल्याच महिन्यात ते ओरत्तनाडूला बहिणीकडे पोचवलं होतं. बाजारात, बसमध्ये, दुकानदारासमोर जन्मभर करत आल्या तेच त्यांनी आताही केलं. चेहरा न हलवता लेकीला मराठीत म्हणाल्या, "ओड्याणाचं नाव काढू नको. हिराबाईकडे आहे ते असू दे. ह्याला काय कळतंय."

आणि वकिलांना तमिळमध्ये म्हणाल्या, "काही नाही सार."

सुब्रमण्यमांनी पेनला टोपण लावलं.

"अक्का," ते मराठीत म्हणाले, "माझी आजी तुमच्याच गल्लीतली."

कीर्तनाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते बाईंनी पाहिलं नाही.

"ऐकलं नसतं तर तुम्ही सांगाल ते लिहिलं असतं," वकील म्हणाले. "आता खोटं लिहिता येत नाही. कुंभकोणमला दुसरे वकील आहेत, त्यांना मराठी येत नाही. पत्ता देऊ?"

"सांगितलं तर ते जाईल?"

"बहुतेक जाईल. लपवलं आणि सापडलं, तर अर्जच जाईल. मग ती माणसं तुमच्या ओट्यावरच राहतील."

बाईंना आपली आई आठवली, ओड्याण घालून बाईंच्याच लग्नात मिरवणारी. आणि ओट्यावरचा तो माणूस आठवला, पाणी पिऊन भांडं उपडं घालणारा.

"अम्मा, मला ते कमरेला बसतही नाही," कीर्तना म्हणाली.

"बारीक हो म्हटलं तर ऐकतेस का?"

मग बाईंनी पिशवीतून विड्याची पानं-सुपारी काढली, वर आणलेले पैसे ठेवले आणि दोन्ही हातांनी पुढे केले.

"एवढेच आहेत. घरचेच आहात, जरा कमी घ्या."

"घरचा आहे म्हणूनच पावती देतो. बाकीचे पैसे अर्ज दाखल झाल्यावर द्या." त्यांनी वकीलपत्र पुढे सरकवलं. बाईंनी कॉन्व्हेंटमध्ये गिरवलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरात सही केली.

सुब्रमण्यमांनी पुन्हा पेन उघडलं. "हं. सांगा आता."

"सोन्याचं ओड्याण, एक," वासुकीबाई म्हणाल्या. "आईचं. मधला लाल खडा पडलाय, तेही घाला."