खलिफा सिटीतलं बेट

मी लोकांना निर्जन बेटांवर राहायला शिकवते. हे वाक्य मी पार्ट्यांमध्ये फार रुबाबात टाकते. आमची संस्था इथून, आखातातल्या या शहरातून, दूरदूरच्या बेटांवरच्या शाळांमध्ये स्वयंसेवक पाठवते, वर्षभरासाठी. तिथे बोट महिन्यातून एकदा येते आणि फोनला रेंज मिळाली तर मिळाली. माझा स्वतःचा बेटाचा अनुभव एका आठवड्याचा, त्यातले निम्मे दिवस पोट बिघडलेलं. त्या भांडवलावर माझी शिकवणी चालते. नवरा नोकरीसाठी लांब रुवैसला असतो, शनिवार-रविवारी घरी येतो. त्याच्या मते किराणा पोचवणारा दहा मिनिटं उशिरा आला तर मी दुष्काळ पडल्यासारखी गॅलरीत उभी राहते. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच राग येतो.

प्रशिक्षणाचा शेवट परीक्षेनं होतो. खलिफा सिटीत एक रिकामा व्हिला घ्यायचा, एसी बंद, नळ बंद, फोन जमा, आणि मंडळींनी आत तीन दिवस काढायचे. माणशी रोज दोन बादल्या पाणी. डाळ, तांदूळ आणि टिनमधले मासे आम्ही देतो, बाहेरचं काही घेतलं की नापास. हा नियम मीच घातलाय. माणूस घरच्या चवीला चिकटून राहिला की बेटावर आठवड्याभरात रडकुंडीला येतो, असं मी दर बॅचला तावातावानं सांगते. स्वतः मात्र नळ बंद करून झाल्यावर गाडीत एसी लावून बसते.

या वेळी बॅचमध्ये माझी मुलगी होती. एकुलती एक. तिनं फॉर्म परस्पर भरला आणि मला सहकाऱ्याकडून कळलं. मी हसून अभिनंदन केलं, घरी येऊन बाथरूममध्ये रडले. खरं सांगायचं तर ती नापास व्हावी असंच मला वाटत होतं. जिला चहाबरोबर खारी नसली तर चालत नाही, ती पहिल्याच दिवशी हात टेकेल याची मला खात्री होती.

पहिला दिवस गेला, ती टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात आपोआप भाजणीकडे गेले. थालीपीठं लावली, वर लोण्याचा गोळा ठेवला, डबा भरला. पोरगी उपाशी असेल म्हणून नेतेय, असं मी स्वतःला बजावत होते. परीक्षा घेणारी बाईच नापास करणारा डबा घेऊन निघाली होती, आणि वाटेत सिग्नलला थांबल्यावर मला त्याचं जरासुद्धा काही वाटलं नाही.

मागच्या दारानं तिला बाहेर बोलावलं. केस चिकट, अंगात कालचाच टी-शर्ट, बोटांना काजळी. डब्याचं झाकण मीच उघडलं. तिनं वास घेतला, डोळे मिटले, आणि क्षणभर मला वाटलं, जिंकले. मग तिनं झाकण लावून डबा माझ्या हातात परत दिला.

"आई, यू मेड धिस रूल," ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणी बघत नाहीये, एक घास खा. घरात मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, कित्येक वर्षं असंच चाललंय. त्या दारात ती मराठीत बोलली.

"मला जाऊ दे ना गं."

लाज वाटली, अभिमान वाटला, आणि भयंकर एकटं वाटलं, सगळं एकदम. मी नुसती मान हलवली. ती आत गेली, भात लागत होता म्हणून घाईनं.

पुढच्या दारी सहकारी निकालाचे कागद घेऊन बसला होता. मी सांगितलं, माझ्या मुलीला पास करून टाक.

"मॅडम, टेस्ट अभी बाकी है," तो चक्रावून म्हणाला.

"उसका हो गया," मी म्हटलं. "मेरा बाकी है."