नदी पाहायला आलेली बाई

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, आणि नागपूरबाहेर एकटी कधीच गेले नव्हते. घरात आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मी कमी बोलते अशी माझी ख्याती होती. खरं म्हणजे आमच्या घरात कुणाचं बोलणं संपायचंच नाही, म्हणून माझी पाळी येत नसे. पण हे माझ्याही लक्षात तोवर आलेलं नव्हतं.

एका शनिवारी जेवताना मी सांगितलं, उद्या पारशिवनीला जाते, पेंच नदी पाहायला.

भाऊ म्हणाला, "कोणासंग?"

"एकटी."

"ते समजलं. पण कोणासंग?"

मी पुन्हा एकटी म्हटलं, तेव्हा त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काहून वं? घरात कोणी काही बोललं का तुले?" कुणी काही बोललेलं नव्हतं. कचेरीतली एक जण मैसूरला एकटी जाऊन आली होती आणि दोन आठवडे त्याबद्दल सांगत होती. मैसूर माझ्या आवाक्यात नव्हतं, पारशिवनी होतं. एवढंच कारण होतं, पण तेवढ्यावर घरच्यांचं समाधान होण्यासारखं नव्हतं.

सकाळी आईने डबा दिला. एका माणसाचा डबा तिने जन्मात भरला नसावा. बारा पोळ्या, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि वरून पाच संत्री. खांद्याला पिशवी, हातात छत्री, पायात कचेरीतलेच बूट घालून मी एसटीत बसले.

पारशिवनीला उतरले आणि नदीच्या रस्त्याने चालू लागले. हिवाळ्याचे दिवस होते, ऊन बरं वाटत होतं. मागून बैलबंडी येत होती. हाकणाऱ्या माणसाला मी विचारलं, "दादा, नदी किती दूर आहे?" त्याने माझी पिशवी पाहिली, छत्री पाहिली, बूट पाहिले आणि बंडी थांबवली.

"माह्यं झालं बाई," तो म्हणाला. "मागच्या सालीच झालं. कागद आहे घरी."

"काय झालं?"

त्याने बैलांकडे पाहत सांगितलं, "ऑप्रेशन."

आणीबाणी संपून वर्ष झालं होतं, पण नसबंदीची धास्ती अजून गेली नव्हती. बूट घातलेली, पिशवीवाली, एकटी बाई म्हणजे कुटुंबनियोजनाची बाई. दुसरी कोणती बाई एकटी गावात येईल? मी त्याला समजावलं की मी फक्त नदी पाहायला आले आहे. "हो बाई," तो म्हणाला आणि बैलांना त्याने असं हाकललं की बंडी वाटेवरून जवळजवळ उडाली.

पुढच्या गावात मी पोचायच्या आधी माझी बातमी पोचली होती. पानठेल्यावर अर्धं लावलेलं पान तसंच पडलं होतं, लावणारा नव्हता. एक सायकल आडवी पडली होती आणि तिचं चाक अजून फिरत होतं. गावात पुरुष म्हणून एक बकरा तेवढा दिसला. माझ्यामुळे कुणी पळून जावं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जरा आवडलं.

बायका मात्र पळाल्या नाहीत. सात-आठ जणी धुणी घेऊन नदीवर निघाल्या होत्या, त्यांनी मला सोबत घेतलं. इथे कोण राहतं माझं, लग्न काहून नाही झालं, पगार किती, सगळं विचारून झालं. मी सगळं सांगितलं. मग न विचारलेलंही सांगितलं. साहेबाची नक्कल करून दाखवली, भावाची केली, बंडीवाल्याची केली. खडकावर बसून बारा पोळ्या आम्ही वाटून खाल्ल्या आणि मी बोलतच होते. एक म्हातारी म्हणाली, "लई बोलते वं ही बाई." मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे.

निघायच्या वेळी त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, मागे थांबली. बाकीच्या पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "दोन साल झाले, आणखी पोर नको म्हणून नर्सबाईनं लूप बसवला. तवापासून कंबर दुखते. काढला तर चालते का?"

माझे कान तापले. मी म्हटलं, "अहो, मी खरंच ती बाई नाही."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "ती बाई इतका वेळ बसत नाही. तुम्ही शहरातल्या आहात, पुसून सांगा."

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझा मोकळा गळा पाहिला. "तुम्हाला?"

"मैत्रिणीला."

"सगळ्यांच्या मैत्रिणीलाच असतं," त्या म्हणाल्या. पण नीट सांगितलं. दुखणं अंगावर काढू नये, घरी काही करू नये, तपासून घ्यावं, काढणं सोपं असतं.

आता हे कळवायचं कसं? पोस्टकार्ड टाकलं असतं तर ते सगळ्या गावाने वाचलं असतं. तेव्हा पुढच्या रविवारी मी परत निघाले. भाऊ म्हणाला, "नदी पाहून झाली ना?" मी म्हटलं, "राहिली थोडी." तो आईला म्हणाला, हिला काहीतरी होऊन राहिलं. या खेपेला पानठेलेवाला पळाला नाही. फक्त पाठ करून बसला. ती नदीवर भेटली, तिला सगळं सांगितलं आणि आमच्या घरचा पत्ता दिला.

महिनाभराने ती बाई नागपूरला आली. मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले, काम दहा मिनिटांत झालं. मग ती आमच्याकडे जेवायला आली. आईने विचारलं, "कोणासंग आली वं?" तर म्हणाली, "एकटीच." नवऱ्याला कामठीला बहिणीकडे जाते म्हणून सांगून निघाली होती. आईने तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

मी तिला स्टँडवर पोचवायला निघाले. "राहू द्या, मले रस्ता समजला आता," ती म्हणाली. तरी मी गेले. ती खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने तिला काहीतरी विचारलं, आणि गाडी सुटेपर्यंत ती तिला हातवारे करून सांगतच होती.